धबधबा डिसेंबरात पाहावा

शाळेच्या भूगोलात धबधब्याच्या वाट्याला फार तर दोन-तीन ओळी येतात. नदीच्या मार्गात वर कठीण आणि खाली मृदू खडक असेल, तर खालचा खडक लवकर झिजतो, वरचा निराधार होऊन कोसळतो आणि तेथे कडा तयार होतो, असे काहीसे त्यात सांगितलेले असते. शेजारी बहुधा अमेरिकेतल्या नायगाराचे चित्र असते. हे सारे बरोबर आहे. परंतु महाराष्ट्रातल्या, विशेषतः घाटमाथ्याच्या आसपासच्या विद्यार्थ्याला रोज दिसणारा धबधबा नायगारासारखा नसतो. तो जूनमध्ये उगवतो, ऑगस्टमध्ये गर्जतो, दिवाळीला सडपातळ होतो आणि होळीच्या सुमारास कड्यावर काळसर ओला पट्टा तेवढा उरतो. पुस्तकातल्या व्याख्येत कडा आहे, पण पाणी कोठून आले आणि किती दिवस पुरेल, याविषयी त्यात काहीच नाही.

या लेखात आपण हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारणार आहोत. कडा येथेच का? आणि पाऊस थांबल्यावरही पाणी का पडत राहते? उदाहरणासाठी महाबळेश्वरचा लिंगमळा धबधबा घेऊ. महाबळेश्वरहून पाचगणीकडे निघाल्यावर पाच-सहा किलोमीटरवर तो लागतो. रस्ता सोडून जंगलातल्या पायवाटेने चालत गेले, की आधी एक छोटी उडी दिसते आणि पुढे वेण्णा नदी दरीत झोकून देताना दिसते. मुख्य धबधब्याची उंची साधारण ५०० ते ६०० फूट, म्हणजे १५० ते १८० मीटर सांगितली जाते. सहली पावसाळ्याच्या शेवटी येतात, फोटो काढतात आणि परततात. आमचे म्हणणे असे, की धबधब्याकडून काही शिकायचे असेल तर त्याला डिसेंबरात भेटावे. कारण काय, ते पुढे येईलच.

लाव्हाचा जिना

लिंगमळ्याच्या कड्याकडे समोरून पाहिले तर तो एकसंध भिंतीसारखा नसून थरांचा बनलेला दिसतो. काही थर सरळ उभे तुटलेले आहेत. त्यांच्यामध्ये उताराच्या अरुंद पट्ट्या असून त्यांवर गवत आणि झुडपे वाढली आहेत. असेच थर समोरच्या डोंगरावर, त्याच पातळीवर पुढे गेलेले दिसतात. मुलांना हे आवर्जून दाखवावे. दरीच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर तोच थर दिसतो, याचा अर्थ मधली दरी नंतर कोरली गेली आहे.

हे थर लाव्हाचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि दूरवर पसरत थिजला. शंकूसारखा ज्वालामुखी पर्वत येथे नव्हता, म्हणून थर जवळजवळ आडवे आहेत. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापलेला आहे. पश्चिम घाटात दिसणारे बहुतेक थर दहा लाख वर्षांहूनही कमी काळात साचले, असे अलीकडची कालमापने सांगतात. या प्रदेशाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. यातला 'ट्रॅप' हा शब्द जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. डोंगराचा आकार पाहूनच तो दिला गेला. महाबळेश्वर आणि पोलादपूर यांमधील आंबेनळी घाटात या थरांचा क्रम फार चांगला उघडा पडला आहे. १९८०च्या दशकात थराथरांतील रासायनिक फरकांवरून तेथे त्यांची विभागणी करण्यात आली. आजही भूशास्त्रज्ञ पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर ही नावे त्या थरसमूहांसाठी वापरतात.

सारा खडक बेसॉल्टच असेल, तर मग कठीण कोणता आणि मृदू कोणता? याचे उत्तर प्रत्येक थराच्या आत दडलेले आहे. लाव्हा वाहत असताना त्यातील वायूचे बुडबुडे वर चढतात आणि वरच्या भागात अडकतात. त्यामुळे थराचा माथा सच्छिद्र बनतो. पुढे त्या छिद्रांत झिओलाइट, गारगोटी अशी खनिजे भरतात. असा खडक लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो. थराचा मधला भाग मात्र सावकाश निवतो आणि घट्ट होतो. निवताना तो आकसतो, म्हणून त्यात उभ्या भेगा पडतात. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग उघडा राहिला असेल, तर त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली. हे तांबडे थर कड्यावर विटकरी रेघेसारखे दिसतात.

म्हणजे आपल्याकडे कठीण आणि मृदू खडकाची एकच जोडी नाही, तर एकावर एक रचलेल्या अनेक जोड्या आहेत. पाण्याने मऊ पट्टी खाल्ली, की वरचा घट्ट थर पुढे आलेला राहतो. उभ्या भेगा आधीच असल्यामुळे तो वाकत नाही. तो ठोकळ्या-ठोकळ्यांनी सुटतो आणि कडा उभाच्या उभा राहतो. सह्याद्रीतले धबधबे एका उडीत न पडता टप्प्याटप्प्याने का पडतात, याचेही उत्तर हेच. लिंगमळ्याची छोटी उडी ही वरची पायरी आणि मोठी उडी ही खालच्या अनेक पायऱ्यांची मिळून बनलेली आहे.

मागे चालणारा कडा

कड्याचे ठोकळे सुटतात म्हणजे धबधबा एका जागी थांबत नाही, तो नदीच्या उगमाच्या दिशेने सरकतो. नायगाराबाबत याचे मोजमाप उपलब्ध आहे. गेल्या सुमारे १२ हजार वर्षांत तो ११ किलोमीटर मागे आला. आपल्याकडचे बेसॉल्टचे कडे असे झपाट्याने चालत नाहीत. परंतु दिशा तीच. धबधब्याच्या खाली असलेली अरुंद, खोल दरी ही त्याने मागे ठेवलेली वाट आहे. लिंगमळ्यापासून मेढ्याकडे पाहिले की वेण्णेची ही वाट दूरवर दिसते. पुढे ती कण्हेर धरणात अडते आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेस मिळते.

धबधब्याच्या वरचे वेण्णेचे खोरे मात्र अगदी वेगळे आहे. ते उथळ आणि संथ आहे. त्यातच वेण्णा तलाव बांधला गेला, तो १८४२ साली. एकाच नदीचे हे दोन स्वभाव एका कड्याने वेगळे केले आहेत. वर जुना, निवांत भूप्रदेश आणि खाली नव्याने कोरलेला. धबधबा ही त्या दोघांमधली सरहद्द. ती दर पावसाळ्यात किंचित वर सरकते.

महाबळेश्वरच्या पठाराला चारी बाजूंनी अशा सरहद्दी आहेत. धोबी फॉल आणि चायनामन्स फॉल कोयनेच्या खोऱ्यात उतरतात. पश्चिमेला सावित्रीचे खोरे तर पायाखालून निसटल्यासारखे खोल आहे. कृष्णेचे पाणी सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच पठारावरून निघालेली सावित्री कोकणात उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. उंची तीच, पण अंतर फार थोडे, म्हणून पश्चिमेकडचा उतार तीव्र आणि तिकडच्या ओढ्यांची कोरण्याची ताकद मोठी.

पडताना पाण्याचे काय होते?

वरिष्ठ वर्गांसाठी येथे एक छोटा हिशेब करण्यासारखा आहे. १५० मीटर उंचीवरून एखादी वस्तू हवेच्या अडथळ्याशिवाय पडली, तर तळाशी तिचा वेग सेकंदाला ५४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १९५ किलोमीटर होईल. पाण्याचा प्रत्येक थेंब या वेगाने आदळला असता तर धबधब्याखाली उभे राहणे म्हणजे गोफणीचे दगड खाणे ठरले असते. प्रत्यक्षात पावसाच्या मोठ्यात मोठ्या थेंबाचाही वेग सेकंदाला ९ मीटरच्या आसपास स्थिर होतो. त्याहून मोठा थेंब हवेच्या माराने फुटतो. धबधब्यात दोन्ही गोष्टी घडतात. ऑगस्टमध्ये पाण्याचा लोट जाड असतो. त्याचा बाहेरचा भाग फुटतो, पण गाभा एकत्र राहून जोराने खाली आदळतो आणि गोटे फिरवत तळाचा डोह खोल करतो. डिसेंबरात धार बारीक असते. ती वाटेतच फुटून तुषार बनते आणि वाऱ्यावर हेलकावत उतरते. कधी दरीतून वर येणारा वारा तिला मागेही ढकलतो. नाणेघाटातला 'उलटा धबधबा' हा याच वाऱ्याचा खेळ. थोडक्यात, कडा कोरण्याचे काम पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांत उरकते. बाकीचे महिने धबधबा केवळ पाणी उतरवतो.

पाणी स्वतः बिनरंगाचे, मग धबधबा पांढरा का? ढग, साबणाचा फेस आणि मिठाची पूड पांढरी का दिसते, तेच कारण. असंख्य थेंब आणि बुडबुडे यांच्या पृष्ठभागांवरून सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतो.

दुसरा हिशेब उष्णतेचा. १ किलो पाणी १५० मीटर खाली आले की त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे १,४७० ज्यूलने कमी होते. ही सारी ऊर्जा उष्णतेत बदलली तर पाण्याचे तापमान जेमतेम ०.३५ अंश सेल्सियसने वाढेल. प्रत्यक्षात तुषारांचे बाष्पीभवन होऊन पाणी उलट थंड होते, म्हणून धबधब्यापाशी थर्मामीटर धरून ही वाढ सापडणार नाही. पण एवढ्या भयंकर दिसणाऱ्या कोसळण्यातून अर्ध्या अंशाचीही ऊब मिळत नाही, हे कळले की पाण्याची विशिष्ट उष्णता किती मोठी आहे ते मुलांच्या कायमचे ध्यानात राहते.

छपरावरचे पाणी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या साधारण एक-तृतीयांश, आणि घाट उतरून वाईला गेले की एक-सप्तमांशाच्या आसपास. ढग घाट चढताना रिकामे होतात, हे वर्गात शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

साडेपाच हजार मिलिमीटर म्हणजे किती? एका हेक्टरवर ५५ हजार घनमीटर, म्हणजे साडेपाच कोटी लिटर. दहा हजार लिटरचे ५,५०० टँकर, आणि तेही फक्त एका हेक्टरवर! तरीसुद्धा घाटमाथ्यावरच्या आणि त्याखालच्या अनेक वाड्यांत एप्रिल-मेमध्ये बायकांना हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आपण धरणाबाबत वापरतो. येथे साक्षात ढगच उशाला आहे. म्हणजे अडचण पावसाच्या कमतरतेची नाही. चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरवणारी कोठी किती मोठी आणि तिचे तोंड किती उघडे, हा खरा प्रश्न आहे.

महाबळेश्वरच्या पठाराची ही कोठी जांभ्याची आहे. बेसॉल्टच्या सर्वांत वरच्या थरांवर लक्षावधी वर्षे ऊन-पावसाचा मारा झाला. पाण्याबरोबर सिलिका आणि इतर विद्राव्य घटक निघून गेले. लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली. त्यांचा तांबडा, भोकाभोकांचा खडक म्हणजे जांभा. घराच्या भिंतीला वापरलेल्या चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहिले तर त्याचा स्वभाव लगेच कळतो. तो पाणी पितो. जांभ्याच्या तळाशी पूर्ण कुजलेल्या खडकाची चिकणमाती असते. तिच्यातून पाणी सहजी खाली जात नाही, म्हणून ते आडवे सरकते आणि दरीच्या बाजूने बाहेर पडते. तोच झरा. खालच्या बेसॉल्टमध्येही असेच घडते. सच्छिद्र भागातून आणि भेगांतून झिरपणारे पाणी तांबड्या थरापाशी अडते आणि कड्यावर ओळीने पाझरू लागते. उन्हाळ्यात डोंगराकडे दुरून पाहिले तर कोरड्या कड्यावर एकाच पातळीत हिरवी रेघ दिसते. ती अशा पाझराची खूण. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगा मंदिराच्या गोमुखातून पडते तेही झऱ्याचेच पाणी.

ऑक्टोबरनंतर लिंगमळ्यावरून पडणारे पाणी बव्हंशी या झऱ्यांचे असते. पावसाळ्यात दिसतो तो पाऊस. पावसाळ्यानंतर दिसते ती कोठीतली शिल्लक. धबधबा डिसेंबरात पाहावा, असे म्हटले ते यासाठी.

जंगलाचे खरे काम

कोठी भरायची तर तिचे तोंड उघडे हवे. ते उघडे ठेवण्याचे काम जंगल करते. महाबळेश्वरचे जंगल सदाहरित असले तरी उंच नाही. अंजनी, जांभूळ, पिसा ही येथली मुख्य झाडे. जोराचा वारा आणि माथ्यावरची पातळ माती यांमुळे ती खुजी आणि वेडीवाकडी वाढतात. पण त्यांचे छत्र दाट असते. पावसाचा थेंब पानांवर आपटून फुटतो आणि हळू उतरतो. खोडांवर शेवाळे, नेचे आणि ऑर्किडे असतात, तीही पाणी धरतात. खाली पाचोळ्याची गादी असते. तिच्याखाली मुळांनी, वाळवीने आणि गांडुळांनी पोखरलेली भुसभुशीत माती असते. अशा मातीत पाणी वाहण्याआधी मुरते. तीच जमीन उघडी पडली आणि गुरांच्या खुरांनी, चाकांनी किंवा बांधकामाने दाबली गेली, की थेंबांच्या माराने वरची छिद्रे बुजतात. पाणी वरून निघून जाते आणि जाताना माती घेऊन जाते.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. 'झाडे लावली की पाणी वाढते' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. झाड पाणी तयार करत नाही. उलट ते मुळांतून पाणी शोषून पानांवाटे हवेत सोडते. म्हणजे जंगल दोन विरुद्ध कामे करते. पाणी मुरवते आणि पाणी खर्चही करते. यातले कोणते अधिक, यावर झऱ्याचे भवितव्य ठरते. जेथे पाऊस मुसळधार असून थोड्या महिन्यांत पडतो, तेथे मुरवण्याचा फायदा खर्चाहून मोठा ठरू शकतो. कर्नाटकात पश्चिम घाटातील उत्तर कन्नड भागात नैसर्गिक जंगल, ऱ्हास झालेले जंगल आणि अकेशियाची लागवड अशा पाणलोटांची तुलना करणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. नैसर्गिक जंगलातून पावसाच्या वेळी वेगाने वाहून जाणारे पाणी कमी आणि जमिनीत मुरणारे अधिक, असे त्यात दिसले. म्हणजे नुसती हिरवाई पुरत नाही. जुनी माती हवी, आणि ती रोपवाटिकेतून आणता येत नाही. शेकडो वर्षांत घडलेली माती एका पावसाळ्यात दरीत जाऊ शकते.

तुषारांच्या आश्रयाने

धबधब्याच्या भोवतालची सृष्टीही या शिल्लक पाण्यावर जगते. कड्याच्या ज्या भागावर सतत तुषार उडतात, तेथे शेवाळे आणि नेचे दाटी करतात. पावसाळ्यात त्यांच्यात तेरड्याचे आणि बिगोनियाचे गुलाबी ठिपके दिसतात. माती जवळजवळ नसताना ही झाडे केवळ ओलाव्याच्या भरवशावर उभी असतात.

सह्याद्रीत इंडिराना नावाच्या बेडकांचा एक गट आहे. या बेडकांचे टॅडपोल डबक्यात राहत नाहीत. पाण्याचा पातळ पापुद्रा असलेल्या उभ्या खडकावर ते चिकटून राहतात आणि तेथले शेवाळ खरवडून खातात. त्यांची शेपटी बळकट असते आणि मागचे पाय लवकर फुटतात, म्हणून धोका वाटताच ते खडकावर टुणकन उडी मारतात. पाण्याचा तो पापुद्रा सुकला, तर त्यांना दुसरे डबके नाही.

जोरदार प्रवाहातल्या खडकांना घट्ट चिकटून राहणाऱ्या पोडोस्टेमेसी कुळातल्या वनस्पतींचे वेळापत्रक याहून काटेकोर. त्या पावसाळाभर पाण्याखाली शेवाळासारख्या पसरतात आणि पाणी ओसरू लागले की घाईने फुलून बी धरतात. मलबारी कस्तुर हा निळसर-काळा पक्षी ओढ्याकाठच्या कपारीत, कधी तर धबधब्याच्या आडोशालाही घरटे बांधतो. पहाटे त्याची शीळ पाण्याच्या आवाजावर मात करून ऐकू येते. या साऱ्यांच्या दृष्टीने धबधबा किती उंच आहे याला महत्त्व नाही. तो किती दिवस ओला राहतो याला आहे.

झऱ्याचा अर्धायुकाल

हे 'किती दिवस' मोजता येते का? येते, आणि त्यासाठी बादली आणि घड्याळ एवढेच पुरते. गावाजवळचा एखादा छोटा झरा किंवा ओहोळ निवडावा. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते नोंदवावे. त्यावरून मिनिटाला किती लिटर ते काढावे आणि आलेखावर मांडावे.

आलेख सरळ रेषेत उतरत नाही. कोठीत पाणी भरपूर असते तेव्हा दाब अधिक, म्हणून धार मोठी. पाणी कमी होते तसा दाबही कमी, म्हणून धारेची घटही मंदावते. जेवढी शिल्लक, त्या प्रमाणात खर्च. हा नियम विद्यार्थ्यांनी दुसरीकडे पाहिलेला असतो. किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासाचा तोच नियम. तेव्हा झऱ्यालाही अर्धायुकाल असतो, असे म्हणायला हरकत नाही. निसर्गातला झरा हा नियम तंतोतंत पाळतोच असे नाही, पण पहिला अंदाज म्हणून तो चांगला आहे.

समजा, दोन झरे १ ऑक्टोबरला मिनिटाला ८० लिटर पाणी देतात. पहिल्याचा अर्धायुकाल ३० दिवस आणि दुसऱ्याचा १५ दिवस आहे. दुसरा झरा १६ ऑक्टोबरला ४०, महिनाअखेरीस २०, १५ नोव्हेंबरला १० आणि ३० नोव्हेंबरला अवघे ५ लिटर देईल. पहिला त्या दिवशी अजून २० लिटर देत असेल आणि ५ लिटरवर यायला त्याला जानेवारीची अखेर उजाडेल. सुरुवात एकच, पण फरक दोन महिन्यांचा. पावसाळ्यात पाहणाऱ्याला दोन्ही झरे सारखेच दिसले असते.

यातूनच या विषयाचे गांभीर्य लक्षात येते. पठारावरची जमीन दाबली गेली, उतारावरची माती गेली, जांभ्यात विंधनविहिरी वाढल्या, तर पहिला परिणाम ऑगस्टमधल्या धबधब्यावर दिसणार नाही. उलट न मुरलेले पाणी वेगाने आल्याने तो अधिकच भव्य वाटेल, आणि आपण खूश होऊ. परिणाम दिसेल तो अर्धायुकालावर. धबधबा जानेवारीऐवजी नोव्हेंबरात आटेल आणि खालच्या वाडीतल्या झऱ्यावरची रांग मेऐवजी मार्चमध्ये लागेल. केंद्र सरकारने २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. त्या घोषणेमुळे जमिनीच्या वापरावर काही बंधने आली. पण पाणी मुरते आहे की नाही, हे कागदावरून कळत नाही, त्यासाठी मोजणीच करावी लागते. लिंगमळ्याबाबत तर हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा आहे. वरच्या वेण्णा तलावातून शहरांसाठी पाणी उचलले जाते आणि तेवढे पाणी कड्यावरून पडत नाही. म्हणून एकट्या धबधब्यावरून निष्कर्ष काढण्यापेक्षा आसपासचे लहान झरे मोजणे अधिक उपयोगाचे.

वर्गात काय करता येईल?

प्लॅस्टिकच्या दोन मोठ्या बाटल्या तळाशी कापून उलट्या टांगाव्यात. तोंडाला जाळीचे कापड बांधावे. एकीत शाळेच्या पटांगणावरची दाबलेली माती आणि दुसरीत झाडाखालची माती पाचोळ्यासह, सारख्या उंचीपर्यंत भरावी. दोन्हींत अर्धा अर्धा लिटर पाणी झारीने शिंपडावे. कोठे पाणी वर साचून राहते, खाली पहिला थेंब कधी येतो आणि थेंब किती वेळ येत राहतात, हे दर दोन मिनिटांनी लिहावे. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले की मुलांना अधिक काही सांगावे लागत नाही.

ज्या शाळा डोंगराजवळ आहेत त्यांनी ऑक्टोबर ते मे अशी एका झऱ्याची नोंदवही ठेवावी. वहीत गावातल्या पावसाचा आकडाही असावा. गावातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून, पूर्वी हा झरा कोणत्या सणापर्यंत टिकत असे, तेही लिहावे. गौरी, दिवाळी, संक्रांत, शिमगा यांच्या खुणांवर त्यांची स्मृती पक्की असते. एका वर्षाच्या नोंदीतून फारसे निष्पन्न होणार नाही. पण वही पुढच्या वर्गाकडे सोपवत गेले आणि दहा वर्षे भरली, तर त्या गावाजवळ असे काही असेल जे आज बहुतेक ठिकाणी कोणापाशीच नाही. आमच्यासारख्या संशोधकांनाही अशा नोंदी हव्याच असतात. आम्ही फार तर हंगामात दोनदा येतो, शाळा मात्र तेथेच असते.

एक सूचना मात्र सर्व शिक्षकांनी कटाक्षाने पाळावी. पावसाळ्यात मुलांना धबधब्याच्या तळाशी, डोहात किंवा शेवाळलेल्या कड्यावर नेऊ नये. वर कोठेतरी पाऊस पडला की खाली आकाश मोकळे असतानाही लोंढा येतो. मोजणी करायची ती पाऊस संपल्यावर, लहान झऱ्यावर, मोठ्यांच्या देखरेखीखाली. आपल्याला हवी असलेली माहिती तेव्हाच मिळते.